कोणताही संबंध नाही

“तोंडाला स्कार्फ बांधून बसा, मॅडम. बायका गाडीवर जाताना बांधतात तसा. कोणी ओळखणार नाही,” गांगुर्डे काका म्हणाले.

तौसीफच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही आठ जण रिकाम्या खोक्यांवर बसलो होतो. पुढे काचेच्या कपाटात त्याचा माल मांडलेला होता: ई-सिगारेटी, त्यात भरायच्या लिक्विडच्या बाटल्या, सुटे भाग. नाशिकमध्ये अशी तीन दुकानं होती, त्यातलं हे सगळ्यात जुनं. गणपतीला दहा दिवस उरले होते आणि केंद्र सरकार ई-सिगारेटवर सरसकट बंदी आणणार, अशा बातम्या रोज येत होत्या.

काकांचं म्हणणं सरळ होतं. सोमवारपासून कलेक्टर कचेरीसमोर बसायचं. उपोषण नाही, घोषणा नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगायचं की आम्ही वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढत होतो, या मशीनमुळे सुटली, ती आमच्याकडून काढून घेऊ नका. मशीन हा त्यांचा शब्द. बाकी सगळे व्हेप म्हणायचे.

मी विरोध केला. लोक म्हणतील, व्यसनी माणसं व्यसनासाठी आंदोलन करतायत. फोटो छापून येतील, हसं होईल. त्यापेक्षा मुंबईहून प्रयत्न चालू आहेत, राज्याने केंद्राला आपलं मत कळवावं म्हणून मंत्रालयात भेट ठरतेय, अभ्यासाचे कागद तयार आहेत, ते शांतपणे मांडू द्या.

मुंबईहून म्हणजे निनाद कर्णिक. हा माल तो आयात करायचा आणि आमच्या वापरकर्त्यांच्या संघटनेचा अध्यक्षही तोच होता. त्या दुपारी तौसीफने त्याला फोनच्या स्पीकरवर घेतलं होतं. त्याने आवाज न चढवता सांगितलं की मंगळवारी भेट मिळालीय, आणि नाशिकमध्ये कोणी रस्त्यावर बसलं तर तो दरवाजा बंद होईल. मग म्हणाला, “खैरनार मॅडम माझ्यासोबत येतायत. शिक्षिका आहेत, त्यांच्या बोलण्याला वजन आहे.”

काका फोनकडे बघत होते. फोन बंद झाल्यावर ते मला म्हणाले, “म्हणजे तुमचं आधीच ठरलं होतं.”

ठरलं होतं. 

*

रंगनाथ गांगुर्डे एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. विसाव्या वर्षी बिडी लागली, ती अडतीस वर्षं सुटली नाही. दिवसाला दोन कट्टे. फुप्फुसं इतकी खराब झाली की देवळाली गावातल्या स्वतःच्या घराचा जिना चढता येईना, म्हणून खाट खाली ओसरीत आणली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, निकोटीनची च्युइंगम दिली, शेवटी रागावले. काकांनी चार वेळा बिडी सोडली आणि चार वेळा पुन्हा धरली. मग भाच्याने ही मशीन आणून दिली. तीन आठवड्यांत बिडी सुटली आणि पाचव्या महिन्यात ते जिना चढून वर झोपायला गेले. ही गोष्ट ते कोणालाही सांगायचे. जिन्याला तेरा पायऱ्या आहेत, हेसुद्धा.

ती मशीन निरुपद्रवी होती, असं मी तेव्हा म्हणत होते. आज म्हणणार नाही. काकांचे डॉक्टरही म्हणायचे की ही पण सोडा. काका म्हणायचे, सोडतो, पण हिच्यावरून बिडीवर नाही जाणार, हिच्यावरून खाली उतरेन.

माझी गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नव्हते. पुण्याला हॉस्टेलवर असताना सिगारेट लागली आणि अकरा वर्षं राहिली. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि घरी वडील होते, निवृत्त मुख्याध्यापक. मी बाथरूमच्या खिडकीशी उभी राहून ओढायची, वर कापूर जाळायची. शाळेत जाताना बडीशेप, वेलदोडा, लवंग. कोणाच्या जवळ उभं राहायचं नाही, बोलताना मान वळवायची. अकरा वर्षांत माझी एकही जवळची मैत्रीण झाली नाही. त्याचं कारण हेच होतं, असं मला वाटतं.

तौसीफच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मी खोटंच सांगितलं की भावासाठी हवंय. मला भाऊ नाही. काका तिथेच स्टुलावर बसून स्वतःच्या मशीनचा बिघाड शोधत होते. त्यांनी मला लिक्विड तापवणारी कॉइल कशी बदलायची ते दाखवलं आणि मान वर न करता म्हणाले, “भावाला सांगा, पहिले आठ दिवस डोकं दुखेल. घाबरू नको म्हणावं.” पुढच्या खेपेला विचारलं, “भावाचं डोकं थांबलं का?” मी म्हटलं, थांबलं. पुढे कधीतरी भावाचं नाव घेणं बंद झालं आणि त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही. माझं हे व्यसन आठवड्यातून एकदा त्या दुकानात भेटणाऱ्या त्या सात जणांनाच माहीत होतं. त्यांच्यातही मोकळेपणाने बोलता येईल असे काकाच.

निवेदनं मी चांगली लिहायची, म्हणून कर्णिकने मला नाशिक शाखेची सचिव केलं. त्यात धोका नाही असं तो म्हणायचा. संघटना कागदावरची, नाव कुठे येत नाही.

*

रविवारी सकाळी मी देवळालीला काकांच्या घरी गेले, शेवटचं समजावायला. जिजाकाकूंनी चहा ठेवला आणि त्या मागे कपडे वाळत घालायला गेल्या. काका एका पुठ्ठ्यावर निळ्या शाईने मजकूर लिहीत होते. अक्षर सुरेख होतं. ‘अडतीस वर्षे बिडी ओढली. अडीच वर्षे ओढली नाही. ऐकून घ्या.’ एवढंच.

मी माझं सगळं पुन्हा मांडलं. इंग्लंडात काय धोरण आहे, न्यूझीलंडमध्ये काय. कर घ्या, अठराच्या आतल्यांना बंदी करा, जाहिरात बंद करा, पण सरसकट बंदी नको, ही आमची मागणी किती वाजवी आहे. अशी मागणी टेबलापाशी बसूनच मांडता येते, पुठ्ठ्यावर लिहून नाही.

काकांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “तुमचं ते ऐकतील, मॅडम. तुम्हाला इंग्रजी येतं, तुम्ही शिकलेल्या आहात. माझं ऐकायचं तर आधी मी त्यांना दिसलो पाहिजे. मी कोणत्या कागदात दिसणार?”

“पण लोक व्यसनी म्हणतील.”

“मग खोटं काय आहे त्यात? व्यसनीच आहे मी. व्यसनी माणसाला वाचायचा हक्क नाही का?”

मी चिडले. म्हटलं, तुमच्या हट्टापायी मंगळवारची भेट फिसकटली तर सगळ्यांचं नुकसान होईल. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. दम लागला की ते असेच थांबायचे. मग त्यांनी आवाज खाली आणला, मागच्या दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “तुमची अडचण मला कळते. शाळा आहे, वडील आहेत. तुम्ही बसू नका. स्कार्फचं मी उगाच बोललो. पण मी बसू नये, असं नका म्हणू.”

माझी अडचण भेटीची नव्हती, हे त्यांनी एका वाक्यात ओळखलं होतं. मी मात्र उठताना पुन्हा इंग्लंडचंच बोलले.

*

सोमवारी ते बसले. सोबत दुकानातले चौघं होते. पावसाची भुरभुर होती, त्यांनी डोक्यावर निळा प्लास्टिकचा कागद धरला होता. हे मला तौसीफने फोनवर सांगितलं. दुपारी मधल्या सुट्टीत कर्णिकचा फोन आला. मंत्रालयातून विचारणा झाली होती की नाशिकमध्ये बसलेले तुमचेच लोक का. म्हणून संघटनेने आजच्या आज पत्रक काढावं, सहीला स्थानिक सचिव हवा. मी विचारलं, माझं नाव द्यावंच लागेल का? तो म्हणाला, नाव दिलं नाही तर पत्रकाला किंमत नाही, आणि कोण वाचतंय चार ओळींचं पत्रक. त्याने मजकूर पाठवला. मी तो स्टाफरूममध्ये बसून नीट केला, सही करून फोटो पाठवला आणि पाचव्या तासाला नववीच्या वर्गावर गेले.

मंगळवारी पहाटेच्या गाडीने मुंबईला गेले. मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने आम्हाला बारा मिनिटं दिली. वागायला सज्जन माणूस होता. कर्णिकने कागद पुढे सरकवले, मी इंग्लंडबद्दल बोलले. त्यांनी ऐकलं, दोन ठिकाणी खूण केली. मग त्यांनी विचारलं, “नाशिकला बसलेत ते गृहस्थ तुमच्या ओळखीचे आहेत का?”

कर्णिकने माझ्याकडे बघितलं.

“नाही, सर,” मी म्हटलं. “आमचा त्यांच्याशी संबंध नाही.”

“तुम्ही स्वतः वापरता का हे?”

“नाही. मी फक्त अभ्यास म्हणून यात आहे.”

त्यांनी मान डोलावली. लिफ्टपाशी कर्णिक म्हणाला, उत्तम झालं. चर्चगेटजवळ त्याने मला कॉफी पाजली. मी खिडकीबाहेर बघत राहिले. भेट चांगली झाली, असंच मलाही वाटत होतं.

बुधवारी एका स्थानिक दैनिकात पत्रक छापून आलं, माझ्या नावासकट. ‘वसुधा खैरनार, सचिव’. आपल्याच संघटनेने हात झटकले म्हटल्यावर काकांसोबतचे चौघं दुपारपर्यंत उठून गेले. त्यांच्याही नोकऱ्या होत्या, घरं होती. गुरुवारपासून काका एकटे बसले. तौसीफ म्हणाला, मॅडम, एकदा जाऊन या, ते काही बोलणार नाहीत. मी गेले नाही. शाळेतून येताना रिक्षावाल्याला कचेरीचा रस्ता टाळून न्यायला सांगत होते.

गुरुवारीच सबनीस मॅडमनी, आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. टेबलावर तो पेपर होता. त्यांनी शांतपणे विचारलं की ई-सिगारेटवाल्यांच्या संघटनेत मुलींच्या शाळेची शिक्षिका सचिव कशी. त्या म्हणाल्या, संस्थेच्या अध्यक्षांनीही विचारलंय, सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या. घरी बाबांनीही पेपर वाचला होता. त्या रात्री ते माझ्यासोबत जेवायला बसले नाहीत.

शनिवारी त्याच दैनिकात अर्धा कॉलम बातमी आली. नाशिकमधील एक शिक्षिका व्यसनी लोकांना व्यसनातून बाहेर काढण्यासाठी त्यांच्यात मिसळून काम करते, स्वतः निर्व्यसनी आहे, आणि आंदोलनाला विरोध करण्याचं धाडस तिने दाखवलं, असं त्यात होतं. बातमीदार माझ्याशी बोललाच नव्हता. मला वाटलं, कर्णिकने सूत्रं हलवली असणार. फोन करून त्याचे आभारही मानले. तो म्हणाला, चांगलं झालं की, आणि दुसऱ्या विषयाकडे वळला.

सोमवारचा खुलासा मग लिहावाच लागला नाही. बाबांनी बातमी कापून वहीत चिकटवली. शिक्षक दिनाला सबनीस मॅडमनी प्रार्थनेनंतर मला मंचावर बोलावलं, गुलाबाचं फूल आणि श्रीफळ दिलं. समोर मैदानात नऊशे मुली उभ्या होत्या. मॅडमनी आधी बातमी वाचली आणि मग पत्रकातली एक ओळ, सावकाश, शब्दांवर जोर देत: ‘रस्त्यावर बसून व्यसनाचे समर्थन करणाऱ्या अशा व्यक्तींशी आमचा कोणताही संबंध नाही.’

टाळ्या झाल्या. कर्णिकने पाठवलेल्या मजकुरात फक्त ‘नाशिक येथील आंदोलनाशी संघटनेचा कोणताही संबंध नाही’ एवढंच होतं. व्यसनाचे समर्थन करणाऱ्या अशा व्यक्ती, हे शब्द माझे होते. मधल्या सुट्टीत, चहा पिता पिता, वाक्य भारदस्त व्हावं म्हणून घातलेले.

*

पुढे दोन आठवड्यांत वटहुकूम निघाला. विकणं, बनवणं, मागवणं, साठवणं, सगळ्यावर बंदी. आमच्या कागदांतलं एक वाक्यही त्यात कुठे नव्हतं. काका सहा दिवस पावसात बसले त्याचाही उपयोग झाला नव्हता. त्यांना शनिवारी पोलिसांनी गणपतीच्या बंदोबस्ताचं कारण देऊन उठायला सांगितलं, आणि ते पुठ्ठा घेऊन मुकाट्याने उठले होते. कर्णिकचा फोन लागेना. नंतर कळलं, तो हवा शुद्ध करायची यंत्रं आणतोय. तौसीफने कपाटं रिकामी केली आणि त्यात मोबाइलची कव्हरं लावली.

मी डॉक्टरकडे गेले, औषध घेतलं, निकोटीनचे पॅच लावले. चार महिने फार कठीण गेले. पण माझी फुप्फुसं धड होती, पगार चालू होता आणि माझ्याकडे सगळे आदराने बघत होते. माझी सुटली.

काकांची मशीन दिवाळीनंतर बिघडली. चोरून माल मिळत होता. तौसीफने एकदा आणून देतो म्हटलं, तर काका म्हणाले, कायद्याने बंद केलंय ना, मग नको. पुन्हा च्युइंगम आणली, तिचा उपयोग आधीही झाला नव्हता. डिसेंबरात त्यांनी बिडी पेटवली. जानेवारीत खाट पुन्हा खाली आली. हे सगळं मला तौसीफकडून कळत होतं. दर वेळी मी ठरवायची की रविवारी जाऊन येऊ. असे वीस-बावीस रविवार गेले.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते गेले. दहावं झाल्यावर मी देवळालीला गेले.

जिजाकाकू एकट्याच ओसरीत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, “या मॅडम,” म्हणाल्या, खुर्ची पुसून दिली. आवाजात राग नव्हता. मी रागाची तयारी करून गेले होते, त्यामुळे मला बसताही येईना. त्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत राहिल्या. ऑक्सिजनची नळी काढून टाकायचे, नर्सवर ओरडायचे, आणि मग तिची माफी मागायचे. मी न आल्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. मग मीच म्हटलं, काकू, ते पत्रक माझ्या सहीने निघालं होतं.

“माहितीय ना,” त्या म्हणाल्या. “यांनीच वाचून दाखवलं होतं मला. म्हणाले, बरोबर लिहिलंय, त्यांना तसंच लिहायला पाहिजे.”

त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. बसल्यावर, आठवलं म्हणून सांगावं तसं बोलल्या.

“मी तिकडे डबा घेऊन जायचे. शुक्रवारी तो पेपरवाला आला होता. यांना खोदून खोदून विचारत होता. ती बाई तुमच्यातलीच आहे म्हणतात, ती पण ओढते म्हणतात, खरं का? कोणी सांगितलं होतं त्याला, देव जाणे. तर हे म्हणाले, लिहून घे. त्या बाईंना सुपारीचं सुद्धा व्यसन नाही. आमच्यासारख्यांची सुटावी म्हणून येत होत्या बिचाऱ्या, आणि आम्हीच त्यांना यात ओढलं. माझं नाव काय पायजे ते छाप, म्हणाले, पण त्यांच्याबद्दल वाकडं लिहू नको, मास्तरीण आहेत. दम लागला होता, तरी दोनदा सांगितलं.”

माझ्या हातात कप होता. मी तो तसाच धरून बसले.

“घरी आल्यावर मी विचारलं यांना,” काकू म्हणाल्या, “खरंच का हो, त्यांना काही नाही? तर म्हणाले, खरंच.”

मागच्या बाजूला नळाचं पाणी चालू होतं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून, मला वाईट वाटू नये म्हणून, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कसं कळणार हे सगळं? ज्याला लागलेली असते ना मॅडम, त्यालाच कळतं.”

मी चहा संपवला, कप खाली ठेवला.

“हो,” मी म्हटलं. “खरंय.”